नामान्तावरून प्रांतनिर्णय : एका पद्धतीचें परीक्षण

हस्तलिखिताच्या अखेरीस लेखकानें आपलें नांव, शक आणि ज्या गांवीं लेखन संपलें त्या गांवाचें नांव दिलें असलें म्हणजे संग्राहकास मोठा आधार मिळाल्यासारखें वाटतें. शकाची पारख करण्याचीं साधनें आतां पुष्कळ झालीं आहेत. गांवाचें नांव हा मात्र अजून बहुतांशीं अनुमानाचाच विषय राहिला आहे. गांव ओळखीचें नसलें, अथवा एकाच नांवाचीं चार गांवें निघालीं, म्हणजे नांवाच्या शेवटाकडे पाहावयाचें. 'नेर' दिसलें कीं खानदेश, 'ऊर' दिसलें कीं कर्नाटक, 'वली' दिसलें कीं उत्तर कोंकण, असा प्रांत ठरवावयाचा आणि यादींत तसें नोंदून मोकळें व्हावयाचें, ही रीति आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. पुढें येणारा अभ्यासक ती नोंद अनुमान म्हणून वाचीत नाहीं, प्रमाण म्हणून वाचतो. एका पोथीचा प्रांत चुकला कीं त्या पोथींतील बोलीचे विशेष भलत्या प्रांताच्या खात्यावर जमा होतात, संप्रदायाच्या प्रसाराचा नकाशा बिघडतो, आणि त्या नकाशावर तिसराच कोणी नवा सिद्धान्त उभारतो. ह्याकरितां ह्या रीतीचें एकदां कसोशीनें परीक्षण होणें आम्हांस अवश्य वाटतें. सोयीसाठीं तिला आम्ही नामान्तपद्धति म्हणूं.

प्रथम तिच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हणून टाकूं. गांवांचीं नांवें वाटेल तशीं पडत नाहींत. वस्ती करणारे लोक आपल्या भाषेंतला ग्रामवाचक शब्द नांवास जोडतात व तो शब्द त्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या टिकतो. बोरिवली, कांदिवली, डोंबिवली, कणकवली, दापोली ह्या नांवांत 'पल्ली' हा जुना शब्द झिजून उरला आहे आणि सह्याद्रीच्या पश्चिमेस अशा नांवांची दाटी आहे, ही गोष्ट कोणासहि नाकबूल करतां येणार नाहीं. त्याच पल्लीचें रूप कानडींत 'हळ्ळी' होतें, तेलगू व तामीळ मुलखांत 'पल्ली' असें राहतें. चेन्नईच्या आसपास नुंगंबाक्कम, मीनंबाक्कम अशीं 'पाक्कम'ची नांवें इतकीं आहेत कीं तो शब्द दिसतांच त्या बाजूकडे दृष्टि वळविण्यास हरकत नाहीं. उत्तर बंगालांत जलपाईगुडी, शिलीगुडी, मयनागुडी, धूपगुडी हीं एका ओळींत बसणारीं नांवें पाहिलीं म्हणजे तेथेंहि एक प्रादेशिक सांचा आहे हें उघड दिसतें. मात्र तेलगूंत देवळास 'गुडि' म्हणतात एवढ्यावरून ह्या गांवांचा तेलंगणाशीं संबंध जोडूं लागल्यास तें हास्यास्पद होईल. येथवर पद्धतीचा उपयोग आहे. जो ग्रामवाचक शब्द एकाच भाषेच्या, एकाच टापूच्या बाहेर फारसा गेला नाहीं, तो प्रांत सुचवितो. जो शब्द सर्व भरतखंडांत हिंडला तो कांहींच सुचवीत नाहीं. पूर, नगर, कोट, गड हे दुसऱ्या वर्गांतले. आणि आपल्या दुर्दैवानें पोथ्यांच्या अखेरीस येणारीं मोठ्या गांवांचीं नांवें बहुधा ह्याच वर्गांतलीं असतात.

आतां 'नेर' घेऊं. संगमनेर, पारनेर, जामनेर, अमळनेर, पिंपळनेर ही मालिका आपल्या तोंडांत इतकी बसलेली आहे कीं 'नेर' म्हणजे नगर-नाशिक-खानदेशचाच शब्द असें वाटूं लागतें. पण बिकानेर, भटनेर, सांगानेर, जोबनेर हीं राजस्थानांत आहेत आणि चांपानेर गुजरातेंत आहे. 'नगर' शब्द प्राकृतांतून झिजतां झिजतां दोन्हीकडे बहुधा त्याच रूपास पोंचला. पोथीचें शेवटचें पान किडीनें खाल्लें असून गांवाच्या नांवाचें आद्याक्षर 'सं' किंवा 'सां' व अखेरचीं दोन अक्षरें 'नेर' एवढींच उरलीं आहेत असें समजा. वाचक संगमनेर वाचील. तें सांगानेरहि असूं शकेल. जयपुराजवळचें सांगानेर हें कागद करणाऱ्यांचें गांव म्हणून प्रसिद्ध आहे, व त्या बाजूस जैन पोथ्यांचें लेखनहि विपुल झालें. अशा ठिकाणीं नामान्त मुका असतो. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी दिसतो कीं उत्तरेकडील, काल शकांत दिला आहे कीं संवतांत, 'ळ' कोठें वापरला आहे कीं नाहीं, अ, झ, ण, ल, श ह्या अक्षरांचीं वळणें आपल्या बाळबोधाचीं आहेत कीं उत्तर हिंदुस्थानी, ह्या चार गोष्टी त्या दोन अक्षरांहून शंभरपट अधिक सांगून जातात. त्या सोडून अक्षरांच्या शेपटाशीं झगडत बसण्याचें कारण आम्हांस समजत नाहीं.

'ऊर'ची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे आणि ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. कानडी, तेलगू, तामीळ ह्या भाषांत 'ऊर' हा गांव ह्या अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे. उत्तरेकडे मात्र 'पुर' शब्दांतील पकार स्वरांमध्यें सांपडून लोपला म्हणजे 'उर', 'ओर', 'और' असें शेपूट उरतें. दशपुराचें मंदसोर झालें, जाबालिपुराचें जालोर, सत्यपुराचें सांचोर, नागपुराचें नागोर. कानानें ऐकावें तर दोन्ही एकच; मुळांत पाहावें तर एकाचा दुसऱ्याशीं संबंध नाहीं. मराठी देश दोहोंच्या मध्यें वसला असल्यामुळें येथें दोन्ही प्रकारचीं नांवें येऊं शकतात, म्हणून महाराष्ट्रांतील प्रत्येक 'ऊर' ही कानडी वस्तीची खूण मानणारे व प्रत्येक 'ऊर' संस्कृत पुराचा अपभ्रंश मानणारे, हे दोन्ही पक्ष आमच्या मतें सारखेच उतावळे आहेत.

राष्ट्रकूटांचें मूलस्थान ठरवितांना ह्या उतावळेपणाचा चांगला अनुभव आला आहे. अमोघवर्षाच्या कारकीर्दींतील इ. स. ८६६ च्या शिरूर येथील शिलालेखांत त्यास लट्टलूर नगराचा अधिपति म्हटलें आहे, आणि पुढें सौंदत्तीचे रट्ट हीच बिरुदावली मिरवीत. फ्लीट यांनीं प्रथम हें नगर म्हणजे बिलासपुराकडील रतनपूर असावें असें सुचविलें होतें. फ्लीट यांच्यासारख्या सावध पंडिताकडून असें व्हावें ह्याचें नवल वाटतें. कारण रतनपूर हें नांव कलचुरि राजा रत्नदेव ह्याच्यावरून पडलेलें आहे व तो अकराव्या शतकांतला, म्हणजे लेखाच्या पुढें जवळजवळ दोनशें वर्षांचा. पुढें लातूर हेंच लट्टलूर हें मत रूढ झालें व तें सर्वथा योग्य आहे. परंतु तें योग्य ठरलें तें 'ऊर' ह्या शेपटामुळें नव्हे. दक्षिणेंत 'ऊर'चीं गांवें अगणित आहेत. तें ठरलें तें 'लट्टल' ह्या पूर्वभागामुळें व जुन्या लेखांतील रूप हातीं असल्यामुळें. इतकेंच नव्हे तर लेखांतील बिरुदांत 'लट्टलूर' ह्यापुढें पुन्हां 'पुर' हा शब्द जोडलेला आहे. 'ऊर' म्हणजेच गांव ही जाणीव त्या संस्कृत रचनेंत कोठेंहि उरलेली दिसत नाहीं.

ह्यापुढची पायरी अधिक निसरडी आहे. लातुराचें नांव कानडी, म्हणून राष्ट्रकूट कानडी, असें कोणी म्हणूं लागला तर त्यास थांबविलें पाहिजे. नांवावरून एवढेंच निघतें कीं ज्यांनीं त्या गांवास नांव दिलें त्यांच्या तोंडीं 'ऊर' हा शब्द होता. ते नांव देणारे आणि तीनशें-चारशें वर्षांनंतर त्या गांवाचा अभिमान सांगणारे एकच, असें गृहीत धरण्यास आधार काय? राष्ट्रकूटांची भाषा ठरविण्यास इतर साधनें आहेत. त्यांच्या गुजरातेंतील शाखेच्या ताम्रपटांवरील सह्यांची लिपि, दरबारीं निर्माण झालेलें कानडी वाङ्मय, हीं तीं होत. त्यांवरून निघणारा निर्णय मान्य करण्यास आमची हरकत नाहीं. गांवाच्या शेपटावरून काढलेला तोच निर्णय मात्र आम्हीं मान्य करणार नाहीं, कारण त्याच युक्तीनें उद्यां दुसरा कोणी मान्यखेटाचें मालखेड झालें एवढ्यावरून, वऱ्हाडांत 'खेड'चीं गांवें पुष्कळ आहेत म्हणून, राष्ट्रकूटांची राजधानी वऱ्हाडांत आणून ठेवील. मालखेड आज कर्नाटकांत कलबुर्गी जिल्ह्यांत आहे, आणि त्याचें शेपूट खेड, सिंदखेड ह्यांच्यासारखेंच आहे.

तगर नगराच्या शोधाचाहि दाखला येथें देण्याजोगा आहे. पेरिप्लसकर्त्यानें तें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलें, कोंकणचे शिलाहार आपणांस तगरपुराचे अधीश्वर म्हणवीत. एवढ्यावर विल्फर्ड यांनीं दौलताबाद, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर व डॉ. भांडारकर यांनीं धारूर अशीं स्थळें सुचविलीं. अखेर १९०१ मध्यें फ्लीट यांनीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें नांव पुढें केलें आणि वाद मिटला. तेर हें एकाक्षरी म्हणावें असें नांव. त्यास शेपूटच नाहीं. नामान्तपद्धतीच्या चाळणींतून तें कधींच खालीं पडलें नसतें.

मंडळींचे ध्यान आम्ही आतां एका अशा नांवाकडे वेधतों कीं ज्याचा आपल्या संग्रहांशीं अगदीं निकटचा संबंध आहे. तें नांव इंदूर. मराठी पोथीच्या अखेरीस 'इंदूर' आलें कीं वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें होळकरांचें इंदूर उभें राहतें. पण तेलंगणांतील ज्या शहरास आज निजामाबाद म्हणतात त्याचें जुनें नांवहि इंदूरच होतें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तें प्रचारांत होतें. दोन्ही ठिकाणीं इंद्राशीं संबंध जोडणाऱ्या आख्यायिका आहेत. माळव्यांतलें लोक 'इंदौर' म्हणतात, तेलंगणांतलें 'इंदूरु'. पण मराठी लेखक दोहोंसहि 'इंदूर'च लिहितो. म्हणजे जो कांहीं भेद होता तो लेखणीनें पुसून टाकला. आतां रामदासी मठांच्या याद्यांत इंदूर-बोधन असा जोड उल्लेख येतो. बोधन हें निजामाबादेच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर आहे, तेव्हां तेथलें इंदूर कोणतें ह्याविषयीं शंका नाहीं. परंतु जेथें 'बोधन' शब्द सुटला, नुसतें 'मुक्काम इंदूर' राहिलें, तेथें ती पोथी माळव्यांत गेलीच म्हणून समजावें!

येथें काळाकडे पाहिलें तर बराच उलगडा होतो. माळव्यांतील इंदूर हें अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत कंपेलच्या जमीनदारांनीं वसवून वाढविलेलें गांव. होळकरांचा तेथें अंमल बसला तो त्यानंतर, अहिल्याबाईंचें राहणें महेश्वरास, आणि राजधानी म्हणून इंदुराचा खरा उदय १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतरचा. तेव्हां सतराव्या शतकाचा शक असलेल्या मराठी रामदासी पोथीवर इंदूर हें नांव आढळल्यास आधीं तेलंगणाकडे पाहावें, माळव्याचा विचार मागाहून करावा. एकोणिसाव्या शतकाची पोथी असेल तर पारडें उलट झुकतें. हा सारा निर्णय शकावर, संप्रदायावर व शेजारच्या गांवावर झाला; 'ऊर' ह्या शेपटाचा त्यास तिळमात्र उपयोग झाला नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

जैन पोथ्यांच्या संग्राहकांस असाच धोका 'नागपुर' ह्या नांवापाशीं आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील पोथीवर 'नागपुरे लिखितम्' असें असलें तर तें विदर्भाचें नागपूर असणें संभवत नाहीं. तें शहर गोंड राजा बख्त बुलंद ह्यानें अठराव्या शतकाच्या उंबरठ्यावर वसविलें. तें मारवाडांतील नागोर होय. नागपुरीय तपागच्छ हें नांव त्याच नागोरावरून पडलें आहे. येथें तर लेखकानें लोकांच्या तोंडचें झिजलेलें रूप टाकून मुद्दाम संस्कृत रूप घातलें, त्यामुळें प्रांताची जी थोडी खूण 'ओर' मध्यें होती ती देखील नाहींशी झाली. विद्वान् लेखक हा स्थलनामाचा मोठा शत्रु आहे. अडाणी कारकून जसें ऐकतो तसें लिहितो, म्हणून त्याच्या चुका देखील आमच्या उपयोगी पडतात.

'पूर'विषयीं आणखी एक गोष्ट. पुष्कळ ठिकाणीं तें मुळचें नसतें, मागाहून चिकटविलेलें असतें. पंढरपुरीं विठ्ठलमंदिरांतील शके ११५९, म्हणजे इ. स. १२३७ च्या होयसळ राजा सोमेश्वर ह्याच्या लेखांत ह्या क्षेत्राचें नांव 'पंडरगे' असें आहे. सोलापुराचें सिद्धरामेश्वरांच्या काळचें, बाराव्या शतकांतलें, नांव 'सोन्नलिगे'. दोन्ही रूपें कानडी वळणाचीं. आज दोहोंच्याहि शेवटीं 'पूर' आहे. सोलापुराच्या बाबतींत तर सोळा गांवें मिळून सोळापूर अशी व्युत्पत्तीहि लोकांनीं बसवून ठेवली आहे आणि ती शाळकरी मुलांपासून व्याख्यात्यांपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे. ज्याच्या हातीं फक्त आजचीं नांवें आहेत त्यास हीं दोन शहरें व उत्तर प्रदेशांतील रामपूर, शहाजहानपूर एकाच पंक्तीस बसलेलीं दिसतील. म्हणून आम्ही म्हणतों कीं नामान्त सांगतो तें एवढेंच : ह्या नांवावरून शेवटचा हात कोणत्या भाषेनें फिरविला. गांव कोठें आहे हा प्रश्न निराळा, आणि गांव प्रथम कोणीं वसविलें हा त्याहून निराळा.

शेवटचा हात फिरविण्यांत मराठीहि मागें नाहीं. वटपद्रकाचें वडोदरा झालें (इ. स. ८१२ च्या सुमाराच्या कर्कराजाच्या ताम्रपटांत वटपद्रक हें एक खेडें आहे), त्यास मराठ्यांनीं 'बडोदें' करून पुणें, ठाणें, नागोठणें ह्यांच्या रांगेंत नेऊन बसविलें. शेवटचें सानुनासिक 'एं' पाहून कोणी त्यास मराठी वस्ती ठरवूं लागला तर त्याची चूक म्हणतां येईल काय? दक्षिणेकडे तंजावूरचें आपण 'तंजावर' केलें, बेंगळूरचें जुन्या कागदांतून 'बेंगरूळ' केलें, आणि जिंजीस 'चंदी' म्हटलें. तंजावर व पेशावर हीं दोन नांवें शेजारीं लिहून पाहावींत. एकाच्या शेवटीं तामीळ 'ऊर' आहे, दुसरें पुरुषपुराचें झिजलेलें रूप. मध्यें सारें हिंदुस्थान पसरलेलें, आणि शेपूट अक्षरशः एक. गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत डिचोलीचें 'बिचोलिम' होतें, सांग्याचें 'सांगेम', पेडण्याचें 'पेर्नेम'. तेथील अंत्य मकार हा गांवाचा नसून पोर्तुगीज लेखनपद्धतीनें अनुनासिक दाखविण्यासाठीं घातलेला असतो. ज्यास हें ठाऊक नाहीं तो डिचोली-दापोलीचा उघड सांधा कधींच पाहूं शकणार नाहीं.

'आबाद' विषयीं फार लिहिण्याची जरूर नाहीं. तें नांव प्रांत सांगत नाहीं, राज्यकर्ता व काळ सांगतें, तेंहि नेहमीं नीट नाहीं. शाएस्तेखानानें १६६० मध्यें चाकण घेऊन त्यास इस्लामाबाद म्हटलें. त्याच सरदारानें १६६६ मध्यें बंगालच्या पूर्वेस चाटगांव घेतलें तें इस्लामाबाद झालें. १६७० मध्यें औरंगजेबानें मथुरेस तेंच नांव दिलें. फारसी कागदांत नुसतें इस्लामाबाद आलें तर शेजारचे उल्लेख पाहिल्यावांचून गत्यंतर नाहीं. आणि नांवें बदलण्याचा क्रम कांहीं मोगलांबरोबर संपला नाहीं : औरंगाबाद हें २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद हें त्याच वर्षीं पुन्हां धाराशिव, आणि अहमदनगर हें २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. जुन्या याद्यांतील नोंदींशीं आजच्या नोंदी ताडून पाहणाऱ्यानें हीं वर्षें जवळ टिपून ठेवावींत. वाडा-वाडीचें तेंच. राजस्थानांत बांसवाडा आहे, तेलंगणांत बान्सवाडा आहे, आणि आंध्रांत विजयवाडा.

ह्या विषयांत आपल्याकडे मोठ्या माणसांनीं जीं कामें केलीं त्यांचाहि येथें विचार केला पाहिजे. राजवाड्यांनीं स्थलनामें व व्यक्तिनामें ह्यांच्या व्युत्पत्तीचा जो उद्योग केला त्याचा व्याप पाहून आजहि छाती दडपते. तशी चिकाटी पुढें कोणांत दिसली नाहीं. परंतु त्यांच्या नामादिशब्दव्युत्पत्तिकोशांत एक दोष सर्वत्र जाणवतो. आजचें रूप घ्यावयाचें व त्यापुढें एक संस्कृत रूप मांडावयाचें, मधल्या काळांतील लेखी रूप पुष्कळदां नाहींच. नियम बरोबर असले तरी मधली पायरी कल्पनेची असल्यामुळें फळ संशयित राहतें. पुढें शं. बा. जोशी यांनीं ह्याच गांवांच्या नांवांत कानडी शोधली, व 'कण्मरेयाद कन्नड' आणि 'मऱ्हाटी संस्कृति : कांहीं समस्या' ह्या ग्रंथांतून महाराष्ट्राच्या आंत खोलवर कानडीचा संचार होता असें प्रतिपादिलें. त्यांच्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. पंडरगे आणि सोन्नलिगे हीं नांवें त्यांच्याच पक्षाचीं साक्षी आहेत. मात्र जेथें तसा लेख उपलब्ध नाहीं तेथें त्यांची युक्तिहि राजवाड्यांच्या युक्तीचेंच उलटें रूप घेते. एकाचें मूळ सदैव उत्तरेस, दुसऱ्याचें सदैव दक्षिणेस. पुढें १९५६ ची भाषावार पुनर्रचना व १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल ह्यांच्या वादांत गांवांचीं नांवें मालकीहक्काच्या सनदांप्रमाणें दोन्ही बाजूंनीं पुढें करण्यांत आलीं, तेव्हां ह्या उण्या पद्धतीची किंमत विद्वानांखेरीज इतरांसहि मोजावी लागली. बाराव्या शतकांतील ग्रामनामावरून विसाव्या शतकांतील गांवकऱ्यांची भाषा ठरविणें हें न्यायास धरून नाहीं.

इंग्लंडांत ह्याच विषयाचा आरंभ आपल्यासारखाच झाला. आयझॅक टेलर यांचें १८६४ चें पुस्तक लोकप्रिय झालें व जो तो नामान्तांवरून डेन लोकांच्या वसाहती मोजूं लागला. पण १९२३ मध्यें तेथें स्थलनाममंडळ स्थापन झालें त्यानें आधीं परगण्यामागून परगणा घेऊन प्रत्येक नांवाचीं जुन्यांत जुनीं लेखी रूपें कालानुक्रमें छापण्याचें काम हातीं घेतलें, अर्थ त्यानंतर. हाच मार्ग आपणांस मोकळा आहे, आणि ताम्रपट, शिलालेख, महजर, सनदा, पोथ्या ह्यांची आपल्याकडे वाण नाहीं. अलीकडे जनगणनेच्या रोमन लिपींतील गांवयाद्या संगणकांत घालून नामान्तांचे नकाशे काढण्याची सोय झाली आहे. नकाशे दिसण्यास सुरेख असतात. परंतु त्या लिपींत ल आणि ळ, न आणि ण, द आणि ड एक होऊन गेलेले असतात, आणि स्थलनामांच्या बाबतींत नेमका तोच भेद कित्येकदां निर्णायक असतो. मुळांतलें दूषित तें गणितानें शुद्ध होत नाहीं.

नामान्त सोडून नांवाच्या मागेंपुढें काय लिहिलें आहे हें पाहण्याची संवय आपण लावून घेतली तर मात्र प्रांत ठरविण्यास बरीच खात्रीची मदत मिळते. नांवापूर्वीं परगणा, तर्फ, कर्यात ह्यांपैकीं कांहीं असेल तर काम झालेंच. नांवानंतरची खूण अधिक मौजेची आहे. एका नांवाचीं दोन गांवें असलीं म्हणजे मराठी दफ्तरांत त्यांस 'बुद्रुक' व 'खुर्द' लावतात. फारसी 'बुजुर्ग' शब्दाचें बुद्रुक हें रूप मराठी कारकुनाच्या लेखणीचें अपत्य आहे. उत्तर प्रदेश-बिहाराकडे तोच शब्द 'बुजुर्ग' असा शुद्ध राहतो; पंजाब, हरियाणा, राजस्थानकडे त्याच्या जागीं 'कलां' येतो. खुर्द सगळीकडे आहे, म्हणून त्याचा उपयोग नाहीं. पण वडगांव बु॥ असें पोथीवर असलें तर ती पोथी मराठी दफ्तराच्या टापूंतली हें, 'गांव' ह्या नामान्तापेक्षां त्या एका तुटक अक्षरावरून अधिक निश्चयानें सांगतां येतें. बेळगांवाजवळच्या कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ह्या जोडगांवांवरून ह्या दफ्तराची दक्षिणेकडील मजल कळते.

तिथीचाहि असाच उपयोग होतो, व तो आम्हांस सर्वांत भरंवशाचा वाटतो. नर्मदेच्या दक्षिणेस महिना अमान्त, उत्तरेस बहुधा पूर्णिमान्त. म्हणजे आपण ज्यास चैत्र वद्य म्हणतों त्यास उत्तरेकडील लेखक वैशाख वदि लिहितो. वद्य पक्षांतील तिथि व वार दोन्ही दिले असले कीं मोडक किंवा खरे यांची जंत्री उघडावी. वार अमान्त महिन्यांत जुळला तर लेखक दक्षिणेचा किंवा गुजरातेचा, पूर्णिमान्तांत जुळला तर उत्तरेचा. दोहोंकडे जुळण्याचा योग क्वचित् येतो. संवत्सराचें नांव दिलेलें असेल तर तें दाक्षिणात्य चक्राचें कीं औत्तरेय चक्राचें हें पाहावें. दोन्ही चक्रांत कित्येक संवत्सरांचें अंतर असल्यामुळें गल्लत होत नाहीं. वर सांगितलेल्या संगमनेर-सांगानेर ह्या पेंचाचा निकाल ह्या एका परीक्षेनें पंधरा मिनिटांत लागावा.

ज्यांच्या संग्रहीं 'इंदूर' येथें लिहिलेलें रामदासी किंवा अन्य मराठी बाड असेल त्यांनीं त्याचा शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथि व वार हीं मुळाबरहुकूम उतरून, आणि गांवाच्या नांवापूर्वीं व नंतर असलेले शब्द एकहि न गाळतां, मंडळाकडे पाठवावींत. कागदाचा रंग व त्यावर ओळी आंखण्याची पद्धति कळविल्यास अधिक बरें. माळव्यांतल्या व तेलंगणांतल्या पोथ्या ह्यांची फेड करून एक यादी पुढील एखाद्या अंकांत देण्याचा आमचा विचार आहे.